गाडीवरचं खाऊ नका

४ मार्च, सोमवार
हॉटेलवाल्याने मागची खोली दिली. दोन शेगड्या, एक नळ. चालेल. सहलीची सत्तावीस माणसं, वीस दिवस, परक्या देशात तिन्ही त्रिकाळ घरचं जेवण – त्यासाठीच तर आचारी बरोबर आणतात. बसमध्येच सगळ्यांना बजावलं, गाडीवरचं खाऊ नका. पाणी कुठलं, फडकं कसलं, काही ठाऊक नसतं. आमचा टूर मॅनेजर म्हणाला, "महाराज, सगळी मदार तुमच्यावर."
निघायच्या चार दिवस आधी माझंच पोट बिघडलं होतं. दोन दिवसांत थांबलं. ऑफिसात बोललो नाही. बोललो असतो तर दुसऱ्याला पाठवलं असतं.

५ मार्च
नातीबरोबर आलेल्या आजी, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. भात दोनदा मागून घेतला. "हाताला चव आहे हो तुझ्या." दिवसभर अंगावर मूठभर मांस चढलं होतं.
भातात दही मी डावाने कालवत नाही, हातानेच. मीठ बघायचं तेही तळहातावर थेंब घेऊन. मॅनेजरने हातमोज्यांचं खोकं आणलंय. पडू दे कोपऱ्यात. रबराने कालवलेला भात कोण खाईल?

७ मार्च
आमच्यातल्या मास्तरीणबाई सापडल्या! शाळेत तीस वर्षं शिकवलं, पण जिभेवर ताबा नाही. कोपऱ्यावरच्या गाडीपाशी उभ्या राहून खात होत्या. म्हणे रोजच जातात.
"माझ्या डोळ्यांदेखत तव्यावरून उतरलं, महाराज. हात लावता येत नव्हता इतकं गरम."
म्हटलं, बाई, पोट धरून बसाल तेव्हा कळेल.
गाडीवाली आमच्याकडे बघत होती. सगळं चिमट्यानेच वाढते, बोट लावत नाही. फार शिष्ट वाटली.

८ मार्च
तिघं आडवी. जुलाब, ताप.

९ मार्च
अकरा झाली. त्यात आजी. त्यांना इस्पितळात हलवलं, अंगातलं पाणीच गेलं सगळं.
मॅनेजरने एकेकाला विचारलं, गाडीवर कोण कोण गेलं होतं? मास्तरीणबाई सोडून कोणी कबूल होईना. आणि त्या ठणठणीत! नात म्हणते, आजीने गाडी पाहिलीसुद्धा नाही. मी मॅनेजरला म्हणालो, लोक लपवतात, तक्रार करा.
दुपारी अधिकारी आले. गाडी बंद केली. तवा, पाणी, फडकं, सगळ्याचे नमुने घेतले. गाडीवाली मला काहीतरी म्हणाली. भाषा कळली नाही, पण ती रागावून बोलत नव्हती, काही विचारत होती.
मग ते माझ्याही खोलीत आले. हातमोज्यांचं बंद खोकं उचलून पाहिलं, परत ठेवलं. माझी तपासणी करायची म्हणाले. म्हटलं, करा की, मला काय झालंय?
ते गेल्यावर तीनदा हात धुतले. का, कोण जाणे.

१० मार्च
आणखी दोघं. आता सगळी मुकाट्याने जेवतात. मास्तरीणबाईंनी ताट घेतलंच नाही. माझ्या हातांकडे बघत बसल्या होत्या.

११ मार्च
आजींना उतार पडलाय. डॉक्टर म्हणाले, थोडं मऊ द्या, पण पुन्हा असंच झालं तर या शरीराला झेपणार नाही. नातीचा फोन आला, "काका, आजी इथलं तोंडात घेत नाही. तुमच्या हातचा भातच हवाय म्हणते."
जीव सुखावला. मग ते निघण्याआधीचे दोन दिवस आठवले. मॅनेजरला सांगावं का? सांगितलं की माझं काम गेलं, पुन्हा कोणी उभं करणार नाही. आणि मी तर बरा झालोय. उद्या रिपोर्ट येतोच आहे, तेव्हा बघू.
भीती वाटते. कशाची ते लिहीत नाही.

१२ मार्च, सकाळ
आजींचा डबा नातीजवळ दिला. भात अगदी मऊ शिजवला, निवू दिला, मग दही घालून छान कालवला. खोक्याकडे एकदा हात गेला होता. पण आजींना लगेच कळलं असतं.

१२ मार्च, दुपार
रिपोर्ट आला. गाडीवर काहीच सापडलं नाही. आजाऱ्यांच्या पोटातले जंतू, तेच माझ्यात आहेत.
मॅनेजर अजून वाचतच होता, मी नातीला फोन लावला.
"काका, डबा पुसून खाल्ला आजीने. संध्याकाळी पुन्हा पाठवा म्हणतेय."