पापलेट आडवाच पोहतो

४ मार्च, सोमवार
आज उद्घाटन. 'सागरिका फ्रेश सी फूड मार्केट अँड फॅमिली रेस्टॉरंट', औसा रोड, लातूर. बोर्डावर खाली ठळक अक्षरात: समुद्र आता लातुरात. ओळ माझी. आयडिया माझी. धाकटा भाऊ बजरंग आणि त्याची बायको तनुजा यांनी फक्त चाकूरचा प्लॉट विकून आलेला आपला वाटा घातला आणि स्वयंपाक सांभाळला.

लोक आले. पेढे खाल्ले, सुरमईकडे बघून लांबूनच हात जोडले आणि गेले. सोमवार म्हणे. रत्नागिरीची गाडी सोमवारी आणि गुरुवारी येते. वार मी ठरवलेत, ताजा माल आठवड्यात दोनदा. सिंधु (बायको) तेव्हाच म्हणाली होती की या दोन वारी अर्धं लातूर खात नाही. बायकांना मार्केटिंग कळत नाही.

तनुजाने पापलेट फ्राय केला. वास बरा होता. माझाही सोमवार असल्यामुळे चव घेता आली नाही.

७ मार्च, गुरुवार
गाडी आली. गिऱ्हाईक नाही. माझाही गुरुवार असतो.

२० मार्च, बुधवार
लातूरकर या माणसांबद्दल आज स्पष्ट लिहून ठेवतो. दीड एकर सोयाबीनवाला येतो, पापलेटाच्या डोळ्यात बोट घालतो आणि विचारतो, 'हलत का न्हाई?' अरे, रत्नागिरीहून बर्फात आलाय, हलेल कसा? तू लातूरहून पुण्याला ट्रॅव्हल्सने गेलास की तू तरी हलतोस का? असं मी तोंडावर म्हणालो. तो गेला. समोर श्रीशैलकडे गेला.

श्रीशैल म्हणजे समोरचा पत्र्याचा शेड. निळा ड्रम, त्यात धरणातली मरळ वळवळत असते. माणूस बोट दाखवतो, हा तिला काढतो, ती शेपटी आपटते, गिऱ्हाईक खूश. याला मी धंदा म्हणत नाही, तमाशा म्हणतो. चार दिवस कोकणात राहून आलेल्या माणसाला हे बघवत नाही.

संकल्प: श्रीशैलकडे बघायचं नाही.

२१ मार्च, गुरुवार
श्रीशैलकडे सकाळपासून एकवीस गिऱ्हाइकं. गुरुवार असून. यांना वार माझ्याच दारात आठवतात.

४ एप्रिल, गुरुवार
बजरंग सकाळी समोर येऊन उभा राहिला. म्हणाला, दादा, उन्हाळा संपेपर्यंत बघतो. नाही चाललं तर आपण वेगळे. तनुजाचा हात चांगला आहे, ती कुठेही चार ताटं विकेल. म्हणजे मोठ्या भावाला धमकी. लहानपणी याला मी सायकलवर बसवून शाळेत नेलं आहे. हे त्याला ऐकवलं. तो म्हणाला की दोनदा नेलंस आणि दोन्ही वेळा पाडलंस.

वाईट वाटलं. वेगळं होण्याचं नाही, कृतघ्नपणाचं. वेगळं होण्याचंही थोडं वाटलं, पण ते दुपारनंतर.

१० एप्रिल, बुधवार, सकाळी ११
सुचलं. लातूरकराला हलणारा मासा पाहिजे ना? हलवतो.

मोठी काचेची टाकी आणली. मोटर बसवली. पाणी भरलं, खडेमीठ टाकलं (माशाला घरच्यासारखं वाटावं म्हणून) आणि बर्फातले पापलेट-सुरमई सोडले. बटण दाबलं. अहाहा. सगळे गोल गोल फिरायला लागले. एक सुरमई मोटरच्या तोंडाशी अडकली, पण लांबून बघणाऱ्याला ती काहीतरी खात आहे असं वाटतं.

तनुजा बघत उभी राहिली आणि आत गेली. सिंधुने कपाळावर हात मारला. मोठ्या कामात घरच्यांची साथ नसते.

१२ एप्रिल, शुक्रवार
गर्दी. कबूल करा, गर्दी! एका बाईंनी विचारलं की हे आडवे होऊन का पोहतात. मी तिथल्या तिथे सांगितलं की पापलेट आडवाच पोहतो, तो चपटा असतो. नंतर विचार केल्यावर मला हे शंभर टक्के खरं वाटलं. त्यांनी दोन घेतले.

१३ एप्रिल, शनिवार
बाई परत आल्या. मासा तव्यावर टाकल्याबरोबर त्याचं पिठलं झालं म्हणे. मी विचारलं, तवा कोणता वापरला? त्या जे बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही. समोरून श्रीशैल हसत होता. मी तिकडे बघितलं नाही, पण मला कळतं.

१८ एप्रिल, गुरुवार
नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, त्यात टाकी भरत नाही. म्हणून टँकर मागवला. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू बायका कळश्या घेऊन खाली आल्या. मी सांगितलं की हे कमर्शियल पाणी आहे.

मग घरमालक संगप्पा आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "माणसाला प्यायला पाणी न्हाई, आन् तुमी मेलेल्या माशाला पोहायला टँकर मागवून राहिलाव?"

मी म्हणालो, मालक, तुम्ही शाकाहारी, तुम्हाला यातलं कळणार नाही. त्यांनी महिनाअखेर दुकान रिकामं करायला सांगितलं. बजरंगने मध्ये पडून बायकांच्या कळश्या भरून दिल्या. माझ्या टँकरमधून. मी दिवसभर त्याच्याशी बोललो नाही. त्याला बहुतेक ते समजलंही नाही.

२२ एप्रिल, सोमवार
देवाने डोळे उघडले. अश्वजित साहेब, नांदेडचे रेल्वेतले मोठे अधिकारी. नोकरीत बरीच वर्षं मुंबईला काढलेली, मासा कळणारा माणूस. मागे दोनदा तनुजाच्या हातचं खाऊन गेले होते. येत्या रविवारी नांदेडला त्यांच्या निवृत्तीचं जेवण. ऐंशी माणसं. ऑर्डर आपल्याला.

बजरंग म्हणाला की हे नीट पार पडलं तर संगप्पांना तो समजावेल आणि वेगळं व्हायचं नाव काढणार नाही. फक्त मी टाकीला हात लावायचा नाही. मी हो म्हणालो. हो म्हणायला काय जातं.

२७ एप्रिल, शनिवार
ऑर्डरचा सगळा माल खास गाडीने आला. फर्स्ट क्लास पापलेट. बजरंग आणि तनुजा भांडी घेऊन नांदेडला पुढे गेले. साहेबांचे लातूरचे दोन दोस्त माल बघायला येणार होते. बर्फाच्या खोक्यात बघून काय कळणार माणसाला? फक्त ते येईपर्यंत टाकीत सोडले. सगळेच. कमी सोडले तर भारदस्त दिसत नाही.

दोस्त आले नाहीत. मी वाट बघत खुर्चीतच झोपलो. मोटर चालू राहिली.

२८ एप्रिल, रविवार, सकाळी ७
पापलेट जरा मऊ झालेत. नांदेडला नेईपर्यंत कडक होतील. उन्हाने.

तोच दिवस, नांदेडहून परतल्यावर, रात्री
कडक झाले नाहीत. तनुजाने एक उचलला तर काटा तिच्या हातात राहिला आणि मासा खोक्यात. बजरंगने फोन लावला. कुणाला ते मी विचारलं नाही. दुपारी एक टेम्पो आला, त्यातून निळा ड्रम उतरला. मी दुसरीकडे तोंड केलं.

तरी कुणीतरी परिस्थिती हातात घ्यायला हवी होती. पाहुणे जेवत होते, बोटं चाटत होते. मी हॉलच्या मधोमध उभा राहिलो आणि सांगितलं की तुमच्या ताटात आहे तो खास रत्नागिरीचा पापलेट, आणि हे सागरिकाचे प्रोप्रायटर ग्यानोबा यांच्या परिश्रमाचं फळ आहे. ऐंशी माणसांनी ताटातल्या गोल गोल तुकड्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

साहेब शांतपणे म्हणाले, "ग्यानोबा, बसा. मरळ हाय ही. तनुजाताईंनी दुपारीच सांगितलं मला, आन् मी सगळ्यांना सांगितलं."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

येताना गाडीत बजरंग एवढंच म्हणाला, "दादा, झालं आता." मी विचारलं, काय झालं? त्याने वाटेतलं लोहा गाव येईपर्यंत उत्तर दिलं नाही. लोह्यानंतरही दिलं नाही.

२ मे, गुरुवार
दुकान संगप्पांना दिलं. टाकी विकायला काढली आहे, रसिक गिऱ्हाईक मिळत नाही. बजरंग आणि तनुजा समोर श्रीशैलच्या शेजारचा गाळा घेऊन बसले. मरळ त्याची, स्वयंपाक तिचा. सिंधु त्यांच्या गल्ल्यावर. मी विचारलं, तू पण? ती म्हणाली की मला माणसं आलेली बघायला आवडतात.

घरात एकटा. चिडचिड होते. बजरंगची आठवण येते, म्हणून आणखी चिडचिड होते.

१२ मे, रविवार
सकाळी समोरून सहज चाललो होतो. एका जोडप्याने तनुजाताईंचं हॉटेल कुठे म्हणून मलाच विचारलं. मी बोट दाखवलं. दारात गाड्यांची ही गर्दी, आडव्यातिडव्या लावलेल्या. मला राहवेना, मी दोन सरळ करून दिल्या.

सिंधु बाहेर आली. म्हणाली, गाड्या लावून घ्यायला माणूस पाहिजेच आहे. बजरंग नको म्हणत होता, तनुजाने घ्या म्हटलं.

"एकच अट हाय," सिंधु म्हणाली. "खाण्याबद्दल गिऱ्हाइकाशी एक शब्द बोलायचा न्हाई."

मी म्हणालो, विचार करून सांगतो. तेवढ्यात एक बोलेरो वाकडी लागत होती, म्हणून धावलो. चार वाजेपर्यंत गाड्याच लावत होतो.

सगळे गेल्यावर तनुजाने मला ताट वाढलं. बजरंग समोर बसून जेवत होता. मरळ होती. मी पहिल्यांदाच खाल्ली. फार चांगली झाली होती. दोनदा तोंड उघडलं, पण अट आठवली. भात वाढून घेतला.