पोस्टरवरचा मामा

३ जाने.
पोस्टरचं लेआउट पुन्हा रिजेक्ट. सर म्हणाले, "हा दारुडा कुठं पाहिलात तुम्ही? नेटवर? नेटवरचा माणूस नेटवरच पितो." सगळा वर्ग हसला. मीही हसली. शेवटचं वर्ष, उपयोजित कलेची मोठी असाइनमेंट, विषय व्यसनमुक्ती, अन् माझ्या पोस्टरवर चेहराच बसत नाही. सरांची अट एकच: जिवंत माणूस बसवा, फोटो काढा, त्याच्यावरून काम करा. बाकीच्यांनी कोणी काका पकडला, कोणी हॉस्टेलचा वॉचमन. मी कोणाले पकडू? उद्या अकोल्याले मामाकडं जाते. मामीच्या हातचं खाऊन तरी येते.

४ जाने., अकोला
सापडला. मामाच!
आठवडाभर तापात होता म्हणे. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले, गच्चीवर उन्हात खाटेवर बसून पेरू खाऊन राहिला होता. उजेड एकाच बाजूनं. मी जिन्यातच थांबली.
"मामा, हलू नको."
"काहून? इंचू हाय का?"
"फोटो काढते तुझा. पोर्ट्रेट करायचं आहे."
"मंग थांब ना बाप्पा, दाढी करून येतो. धुतलेला शर्ट घालतो."
"असाच बस. नॅचरल पायजे."
पोर्ट्रेट म्हटलं. दारूचं नाव काढलं नाही. काढायले पायजे होतं. पण तो 'नाई' म्हटला असता तर? मामानं उभ्या आयुष्यात सुपारी खाल्ली नाही. रविवारी विहारात पंचशील तोच म्हणून घेतो सगळ्यांकडून. शाळेची बस चालवतो, पोरांच्या आया त्याच्या भरोशावर पोरं सोडतात. अशा माणसाले कसं सांगू की तुले बेवडा करायचं आहे?
मामी वर आली. "असा कसा अवतार काढून राहिली वं यायचा? पाह्यवत नाई."
"तू चूप राय," मामा म्हणाला, "आर्टिस्ट हाय थे."
माशी नाकावर बसली तरी हलला नाही.

११ जाने.
चेहरा कागदावर उतरला. डोळ्यांच्या कडा लाल केल्या, ओठ सुकवले, गाल आणखी खाली ओढले. बाजूले लवंडलेला ग्लास. खाली ओळ: 'याला आता घरचेही ओळखत नाहीत.' सर शीटपुढं किती तरी वेळ उभे राहिले. सर एवढे थांबले म्हणजे आवडलं. रुबीना, माझी रूममेट, म्हणे, "अबे, ये तो अभी उठके बोतल माँगेगा." खुशीत राजापेठेत पाणीपुरी खाल्ली दोघींनी.
येताना एक वाटलं. मामाच्या डाव्या भुवईत जखमेची खूण आहे, ती तरी काढून टाकायची होती. पण तिच्यानंच चेहरा खरा वाटते. राहू दिली.

२५ जाने.
वार्षिक प्रदर्शन सुरू. उपयोजितमध्ये पहिला नंबर!! आई फोनवरच रडली. अकरावी-बारावी मामाकडं राहूनच शिकली मी. आर्टले जाऊ द्या म्हणून बाबांशी भांडला तो मामाच. म्हणून त्याचा फोन आला तेव्हा उचलू की नको असं झालं.
"माहा फोटो लागला म्हणते ना वं? येऊ का पाह्यले? सुट्टी टाकतो."
"नको मामा. आजच संपते प्रदर्शन."
परवापर्यंत आहे.
"बरं. मंग मोबाइलवर तरी धाडजो."
"धाडते."
पोस्टर नाही धाडलं. बक्षिसाच्या कपाचा फोटो धाडला. त्याचा मेसेज आला, 'जय भीम बेटा. नाव काढलं.' तो मेसेज उघडून पाहवत नाही मले.

२ फेब्रु.
व्यसनमुक्तीचं काम करणारी एक संस्था माझं पोस्टर फ्लेक्सवर छापणार. इथं अमरावतीत अन् अकोल्यात, दोन्हीकडं. सर भलते खुश. मग सहज विचारलं, "मॉडेलला कल्पना आहे ना, कशासाठी वापरतोय? परवानगी घेतली आहे?"
"हो सर."
किती सोप्पं निघालं तोंडातून! अडखळलीसुद्धा नाही.
मागाहून विचारू, म्हटलं. नंबर काढला, ठेवून दिला. शीतलताईले (मामाची मुलगी) पाहायले दर्यापूरचे लोक येणार आहेत, घरात धावपळ आहे, आत्ता कशाले त्याच्या डोक्याले ताप, असं मी स्वतःलेच समजावलं. खोटारडी कुठली.

१० फेब्रु.
राजापेठेच्या चौकात मामा. ट्युशन क्लासच्या जाहिरातींच्या मधोमध, केवढा मोठा! स्कूटीवाले वर पाहत जातात. एक पोट्टा दुसऱ्याले म्हणे, "अबे, तुहा बाप पाह्य." दोघं खिदळले. मी तिथंच उभी, हातात ड्रॉइंग बोर्ड.
रुबीनानं त्याच्यापुढं माझा फोटो काढला. फोटोत मी दात काढून हसून राहिली आहे. डिलीट केला.
अकोल्यात कुठं लावला असेल?

१४ फेब्रु.
शीतलताईचा फोन. रडून राहिली होती. अकोल्याले स्टँडसमोरच लावला. मामाची बस रोज तिथूनच वळते. एका पोराच्या आईनं ओळखला. शाळेत फोन केला की तुमचा ड्रायव्हर तर पोस्टरवरचा दारुडा आहे. मग शाळेच्या गेटवर मामाले दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकायले लावलं. पोरं बसमध्येच बसलेली, खिडक्यांतून पाहत होती. मशीननं काहीच दाखवलं नाही. काय दाखवणार! तरी दोन बायांनी आपापली पोरं उतरवून नेली.
"घरी आले अन् भर दुपारी आंघोळ केली बाबानं. आईले काही नाई सांगितलं. मीनू, तुनं बाबाले इचारलं होतं ना, अशा पोस्टरवर टाकते म्हणून?"
"हो," म्हटलं.
ताईलेही.
उद्याच पाहुणे आहेत. जावंच लागेल.

१५ फेब्रु., अकोला
स्टँडवर उतरली अन् मान खाली घालून रिक्षात बसली. माझंच काम, अन् मलेच पाहवेना.
मामानं गुळगुळीत दाढी केली होती. पांढरा शर्ट, खिशाले पेन. "आली का बाई?" एवढंच. पोस्टरचं नाव नाही. मी वाट पाहत राहिली की आता बोलेल, आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.
पाहुणे आले. पोरगा बरा आहे, मान खाली घालून बोलतो. त्याचे वडील रिटायर मास्तर. पोह्याची प्लेट हातात घेऊन मामाकडंच पाहत राहिले.
"तुमाले कुठं तरी पाह्यलं बाप्पा मी."
मामीले बिचारीले काही ठाव नाही. म्हणे, "गाडीवर असतात ना, सारं गाव ओळखते."
मास्तर अजून पाहूनच राहिले. तेव्हा मामा म्हणाला, "हे आमची भाची. अमरावतीले आर्ट कॉलेजात हाय. पयला नंबर आला तिचा."
"अस्सं? काय काढते बाई? आमाले तं दाखव."
"दाखव, मीनू," मामा म्हणाला.
अगदी साध्या आवाजात. मले वाव करून दिला त्यानं, आता कळते. तेव्हाच सांगता आलं असतं, की हे बघा, हे माझ्या मामाचं चित्र, हा असा नाही, मी असा केला. सगळे हसले असते, गोष्ट तिथंच मिटली असती.
मी मोबाइल काढला. बडनेरा स्टेशन दाखवलं. वांगी-टोपलीचं स्टिल लाइफ दाखवलं. रुबीनाचं स्केच. पोस्टर आलं तसं बोट पटकन सरकवलं. मामा बाजूलेच बसला होता. त्यानं सरकताना पाहिलं.
"छान आहे," मास्तर म्हणाले. "कळवतो आमी."
संध्याकाळी मामा बसवर सोडायले आला. खिडकीतून संत्र्यांची पिशवी आत दिली.
"मामा..."
"पोचली का फोन करजो."

१७ फेब्रु.
सरांनी बोलावलं. मले वाटलं कळलं. पण सर हसत होते. म्हणाले, "संस्थेचा फोन होता. तुझे मामा शनिवारी अकोल्याला संस्थेच्या ऑफिसात गेले होते." मुलीचं जमेपर्यंत तेवढा स्टँडसमोरचा फ्लेक्स उतरवा, एवढीच विनंती केली म्हणे. तिथल्या माणसानं विचारलं, तुमची परवानगी नव्हती का? नसेल तर सांगा, आत्ताच उतरवतो, पण मग कॉलेजला कळवावं लागेल, पोरीचं बक्षीस काढून घेतील. मामा म्हणाला, "नाई नाई. देली होती. पोरीनं इचारलं होतं मले." अन् चहा न घेता निघून गेला. फ्लेक्स तसाच.
"मोठा माणूस आहे," सर म्हणाले. मी मान हलवली.
म्हणजे रविवारी पाहुण्यांसमोर त्याले सगळं ठाव होतं. परवानगीचं मी खोटं सांगितलं, हेही. तरी म्हणाला 'पयला नंबर आला'.
मामा खोटं बोलला. माझ्यापायी. दारूचं शील त्याच्याकडून कोणी मोडवू शकलं नाही, तर मी त्याच्या तोंडावर रंगवून दिलं. अन् खोटं न बोलायचं, ते त्याले खरोखरीच मोडायले लावलं. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली.

१९ फेब्रु.
काम शून्य. ब्रश भिजवते, ठेवते. सरांना खरं सांगितलं की फ्लेक्स त्याच दिवशी उतरेल. बक्षीस जाईल. शेवटच्या वर्षाचे मार्क सरांच्या हातात. सर माझ्याकडं कसे पाहतील?
रुबीनाले सगळं सांगितलं. "तो बोल दे ना. मर थोड़ी जाएगी."
"तुले काय जाते बोलायले!"
"तेरे को मामू की फिकर है या कप की?"
भांडली तिच्याशी. ती जेवायले एकटी गेली. तिचं काय चुकलं?

२२ फेब्रु.
मामीचा फोन. मामा आज विहारात पंचशील म्हणायले उठलाच नाही. दुसऱ्याले पुढं केलं. "तब्येत बरी नाई म्हणतात, पण ताप तं नाई वं. तुले काही बोलले का?" नाही म्हटलं. हे तेवढं खरं होतं.

२३ फेब्रु.
ताईचा मेसेज: दर्यापूरवाले बुधवारी पुन्हा येऊन राहिले, मोठ्या काकांना घेऊन. बसनं. स्टँडवरच उतरतील. बाकी काही लिहिलं नाही तिनं.
ठरलं. सरांना सांगते.
आता केबिनबाहेरच्या बाकावर बसली आहे. सर मीटिंगमध्ये, येतीलच म्हणे. मघाशी आधी मामाले फोन केला. शाळा सुटायची वेळ, बस गेटवर उभी असेल, मागं पोरांचा कालवा.
"मामा, मले माफ कर. मी तुले फसवलं."
"हाव," म्हणाला. मग म्हणे, "मले राग नाई आला असं नको समजजो. लय आला. लेकरायसमोर फुंकलो मी."
मी सांगितलं, सरांना खरं सांगते, आज फ्लेक्स उतरेल, बुधवारच्या आत.
"मीनू, मी तिथं सांगून आलो ना, की परवानगी देली होती म्हणून. तू आता नाई म्हटलं, तं मी खोटा ठरीन."
"मग काय करू मामा?"
"मले कायले इचारते? आता इचारून राहिली का?"
पोरं चढायले लागली असतील. "बसा रे खाली," ओरडला, अन् फोन ठेवला.
न सांगावं तर मामा चौकात बेवडा. सांगावं तर मामा खोटारडा. दोन्हीकडं तोच, अन् केलं सगळं मी.
सर जिना चढून येऊन राहिले. हातात कॉलेजच्या कॅटलॉगचं कव्हर आहे, वर मामाच. "बरं झालं आलीस," म्हणाले, "तुझ्याशीच बोलायचं होतं."