खायचा सोडा

१८ डिसेंबर

परत तेच! दादाने झटका मशीनची बॅटरी आणून पिठाच्या डब्याशेजारी ठेवली. रात्री शेतात, रानडुकरांना झटका बसावा म्हणून हरभऱ्याच्या कुंपणाला; दिवसा घरी चार्जिंगला. घरात एवढा एकच प्लग धड आहे म्हणे. बॅटरीची कड फुगलीय, बुडाला ओल सुटलीय, तारेच्या टोकाला पांढरा-हिरवा भुरा. दादाने तो नखाने खरवडला, हात पँटला पुसला आणि भाकरी मोडली.

मी ओरडले — त्यात शिसं असतं, आत ॲसिड आहे!

"बरं, शास्त्रज्ञ बाई. कालवण वाढ."

आई भाकरी थापत होती. मान वर केली नाही.

२० डिसेंबर

घरातली पहिली पदवीधर. रसायनशास्त्र! फोटो भिंतीवर, ऐकायला कुणी नाही. जेवताना पुन्हा सांगितलं — चार्जिंगला लावली की वायू सुटतो, तो पेट घेतो, शेगडीजवळ नको. भुरा काढायचा तर आधी तारा सोडव, हातमोजे घाल, खायचा सोडा पाण्यात कालवून पूस. आणि डोळ्यात उडालं तर सोडा-बिडा काही नाही, नुसतं पाणी. वीस मिनिटं. मग दवाखाना.

"आन् सोडा उरला तर भजी कर," दादा म्हणाला.

आई हसली. तेच जास्त लागलं.

२३ डिसेंबर

सकाळी बॅटरी मी ओसरीवर नेली. चहा होईस्तोवर परत पिठाशेजारी!

२६ डिसेंबर

शाळेत गेले. हेडमास्तरांना विचारलं, पालकसभेत दहा मिनिटं बोलू का? गळक्या बॅटऱ्या प्रत्येक घरात आहेत. म्हणाले, "विषय चांगलाय, पण लोकांना त्यात काय गम्य? — घरी स्थळं बघतायत की नाही?"

बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं. उगाच.

२९ डिसेंबर

उद्या येळवस, वेळ अमावस्या; पूजा आणि जेवण शेतातच. आई आंबिलीच्या खटपटीत. मी पिशवीत सोड्याची पुडी टाकलीय. शेतात दादासमोर भुरा पुसूनच दाखवते. बघू कसा हसतो!

३० डिसेंबर

उमरग्याच्या दवाखान्यात बसून लिहितेय.

कडब्याच्या कोपीत पूजा झाली, पालेभाज्या-शेंगांची भज्जी आणि आंबील वाढायची होती. दादाने बॅटरीलाही हळदीकुंकू वाहिलं — "यंदा हरभरा हिनंच राखलाय, हिचा मान नको व्हय?" मी म्हटलं, नारळ दगडावर फोड. त्याला तेवढीच हौस. बॅटरीच्याच कडेवर आपटला! फुगलेलं कवच तडकलं. ॲसिड डाव्या डोळ्यात उडालं. जमिनीवर लोळून ओरडत होता.

आता आत नेलाय. आई दारापाशी उभी आहे. बसत नाही.

२ जानेवारी

डोळा वाचला! थोडं धूसर आहे, निवळेल म्हणतात. डॉक्टर म्हणाले, "शेतातच भरपूर धुतलात म्हणून. नाहीतर गेला होता."

दादा येईल त्याला सांगतोय, "आमच्या निकिताचं शिक्षण कामाला आलं." बॅटरी जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या दुकानात देऊन टाक, असं स्वतःहून म्हणाला.

७ जानेवारी

शाळेत माझा सत्कार झाला. शाल, नारळ. हेडमास्तर म्हणाले, "शिक्षणानं एक डोळा वाचवला!"

खरं काय ते फक्त इथे. दादा ओरडला तशी मी सोड्याची पुडी फोडली. ॲसिडवर सोडा — डोक्यात तेवढंच. मूठ त्याच्या डोळ्यापर्यंत नेली होती. आईने हातावर फटका मारला. "सोडा न्हाय, पाणी! तूच म्हणलीस की!" आणि त्याचं डोकं बोअरच्या पाइपाखाली दाबून धरलं. "वीस मिन्टं झाली का? झाली का गं?" — घड्याळ तेवढं मी बघितलं.

तिने कुणाला सांगितलं नाही. मीही नाही.

आज ती मागे, चपलांजवळ बसली होती. सगळ्यात जोरात टाळ्या तिच्याच.