शनिवारी मोटारीचं तेल

उमाकांत,

मोटार सुरू करू नकोस. सकाळी तू इंजिनातलं जुनं तेल घमेल्यात सोडलंस, फिल्टर काढलास, आणि हॉस्पिटलातून बोलावणं येताच तसाच पळालास. दुपारी दुकानाचा भैया नव्या तेलाचा डबा घेऊन आला. मी फाटकातूनच परत पाठवला. "माँजी, ये खाने का थोड़े ही है," म्हणाला. म्हटलं, मोटारीचं असलं तरी तेलच. शनिवारी या घरात तेल येत नाही, उद्या आण. तू हसशील. डॉक्टर झालास म्हणून शनी काही बदलत नाही.

मग पायरीवर बसले. मोटारीखाली अजून थेंब पडत होते, काळे, जड, मधासारखे. घमेल्यात कडुनिंब उलटा हलत होता. बघता बघता डोळा लागला. मोटार जागची न हलता निघाली. आदर्श नगर मागे पडलं, मग वाळू, मग नुसतं पाणी, आणि मागच्या सीटवर तुझी चारुलता गुणगुणत होती. ती माहेरी गेल्यापासून घरात कोणी गुणगुणलेलं नाही.

आज ती संध्याकाळच्या आगगाडीने येते आहे. माझ्या हट्टापायी मोटार अडकली, म्हणून मीच तांगा करून स्टेशनवर जाते. मला बघून ती तोंड फिरवेल. फिरवू दे, माझ्या तोंडाला कंटाळूनच गेली होती. गोड बोलणं मला जमायचं नाही. तिची ट्रंक मात्र मी उचलणार, हमालाला हात लावू देणार नाही.

आई