वल्हं दाराआड आहे

बाबा,

पडवीतलं रक्त माझं नाही. पोलीस बघेपर्यंत पुसू नका.

आमच्या चार्टर विमान कंपनीचा मॅनेजर बक्षी मुंबईहून घरी आला होता. परवा चौदा तासांची ड्युटी संपवून उतरलो, तर तीन तासांत त्याने मला परत विमान उडवायला लावलं. विमान उतरवताना मला झोप लागली. शेजारी बसलेल्या सहवैमानिक वेदिकाने ते सावरलं, म्हणून नऊ माणसं वाचली. आज तो एक कागद घेऊन आला: मी दहा तास झोपलो होतो, चूक वेदिकाची, खाली सही कर.

मी तुमचं वल्हं उचललं. बक्षीचा जबडा मोडलाय. शेजारच्या रूपेशने त्याला सिव्हिलला नेलंय. बिनसहीचा कागद घेऊन मी आपणहून पोलीस ठाण्यात जातोय. बांगड्याचं कालवण झाकून ठेवलंय, जेवून घ्या.

सुकाणूवर डुलकी काढणाऱ्या खलाशाला तुम्ही याच वल्ह्याने फोडलं होतंत. झोप झाली नसेल तर बंदरातच सांगायचं, म्हणाला होतात. नोकरी जाईल म्हणून मी जमिनीवर असताना तोंड उघडलं नाही.

वल्हं दाराआड आहे. पोलिसांनी नेलं नाही तर राहू द्या. सुटून आलो की पाठ तुमच्यापुढे करतो.

नितेश