रिकाम्या बायकांची गल्ली

संगमनेर, मार्गशीर्ष वद्य पंचमी, १९७१

तीर्थस्वरूप सूर्यभानदाजींच्या चरणी पुंजारामाचा शिरसाष्टांग नमस्कार. मुक्ताताईचे गुडघे आणि परळची हवा दोन्ही बरी असतील असे धरून चालतो. इकडे सर्व क्षेम आहे असे लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहिले. मी मात्र संतापलो आहे.

झाले असे, की कामधंद्यापायी किती जणांना कर्करोग होतो याचा अंदाज बांधायला मुंबईहून एक तरुण डॉक्टर आमच्या गल्लीत आले. (आमच्या वेळी अंदाज पावसाचा बांधत.) गल्ली तुम्ही पाहिली आहे. दारोदार बायका, मांडीवर सूप, सुपात विडीची तंबाखू. वाटेने जाणारे कुत्रेसुद्धा शिंकून पुढे जाते. डॉक्टरांनी शेजारच्या मालनबाईला शुद्ध भाषेत विचारले, घरात कर्क कोणाला आहे? ती म्हणाली, थोरल्याची रास हाय, पुनर्वसू नक्षत्र, चौथा चरण. त्यांनी लिहून घेतले. दाजी, तो थोरला रोज तालमीत जोर मारतो!

तेही एक वेळ सोडा. पुढचा प्रश्न, काम काय करता?

"काम कसलं भाऊ, रिकामीच हाय. विड्या वळीत बसते."

डॉक्टरांनी लिहिले, 'रिकामी'. आपल्याकडे शेतावर नाहीतर कारखान्यात जाणे म्हणजे काम. घरी बसून दिवेलागणीपर्यंत बोटे सोलवटून घेणे म्हणजे रिकामपण. दारोदार हेच उत्तर मिळाले. मी त्यांना गाठून म्हटले, अहो, कवितेच्या तासाला वाच्यार्थावर थांबलो तर आम्ही छडी खात असू. (इथे मला चौथीच्या वर्गाची खिडकी, बाहेरची चिंच आणि डोळे मिटून साकी म्हणणारे आमचे पंतोजी आठवत राहिले. तेवढ्यात डॉक्टर दोन घरे पुढे गेले.) पुन्हा गाठले, तर म्हणतात, "आजोबा, मी मनाचं लिहायला लागलो तर तो अंदाज राहील का?" म्हणजे विड्यांच्या या गल्लीत विड्या वळणारी एकही बाई नाही, आणि धंद्यापायी आजारी शून्य!

शेवटी आमचे दार. छबूने सूप पदराखाली सारले आणि म्हणाली, मास्तरांची बायको मी, मला कसलं काम? हे ती ज्या आवाजात म्हणाली तो तिचा नव्हे, दाजी. दिवाळीपासून तिचा घसा बसला आहे. डॉक्टरांनी विचारले तर म्हणाली, थंडीनं. त्यांनी लिहिले, 'थंडी'.

रागाच्या भरात अक्षर बिघडले आहे, ते पोटात घालावे.

आपला मेहुणा,
पुंजाराम

ता. क. खरे म्हणजे छबूला तुमच्याजवळच्या मोठ्या दवाखान्यात दाखवायचे आहे. ती ऐकणार नाही, म्हणून ताईला गुडघ्यामुळे चालवत नाही, मदतीला जाऊ, असे सांगितले आहे. तरी ताईने आम्ही पोचल्यावर दोन दिवस लंगडावे.

ता. क. दुसरा. पाकीट डकवण्याआधी छबूने पत्र वाचले. म्हणते, वन्संना लंगडायला लावू नका, या वयात खरंच पडतील. मी दवाखान्यात येते, आणि काम विचारलं तर विड्या वळते असं माझ्या तोंडानं सांगते. एवढे बोलायला तिला दोनदा थांबावे लागले. सोमवारच्या एस.टी.ने निघतो. घरीच राहा.