ड्रिलची नवी बॅटरी

बाबा,

ड्रिलची नवी बॅटरी ओट्यावर ठेवली आहे. आधी हिरवा दिवा लागेपर्यंत चार्ज करा, मगच लावा. भाजी झाकून ठेवलीय. माझी आज सेकंड शिफ्ट आहे.

शालिमार चौकातला बॅटरीचा दुकानदार म्हणाला, “ताई, जुनी लय वापरून गेली असेल.” मी घरी येऊन जुनीला मीटर लावून बघितलं. वापरून थकलेली बॅटरी थोडं तरी चार्जिंग धरते. ही कित्येक महिने रिकामी पडून होती, म्हणून मेली. आणि तुम्ही तर रोज सकाळी ड्रिलची पिशवी खांद्याला लावून कामाला म्हणून निघता.

कुठे जाऊन बसता, ते विचारत नाही. नवनाथकाका वारल्यापासून लोकांच्या किचनमधली वरची कपाटं धरायला तुमच्या जोडीला कोणी नाही, एवढं मला कळतं.

आपलं स्वतःचं वरचं कपाट अजून जमिनीवरच उभं आहे. रविवारी मला सुट्टी आहे. मी धरते, तुम्ही स्क्रू मारा. हात भरून आले की काका ओरडायचे ना, “गोरक्षा, झोपला का रे वर?” तेवढं मीही ओरडेन.

हर्षाली